असिक्रीडा, महाविद्यालयीन : खिलाडूवृत्ती व संघभावना

फॉइल, एपे व सेबर या तीन शस्त्रांनी खेळल्या जाणाऱ्या आधुनिक असिक्रीडेच्या (तलवारबाजीच्या) ज्या स्पर्धा महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या संघांमध्ये होतात, त्यांना महाविद्यालयीन असिक्रीडा स्पर्धा म्हणतात. असिक्रीडा हा मूलतः दोघांमधील द्वंद्वाचा खेळ होय. क्रीडापट्टीवर खेळाडू एकटाच उभा असतो. चेंडू सहकाऱ्याकडे सोपविण्याची किंवा त्याच्या मदतीला धावण्याची सोय या खेळात नाही. महाविद्यालयीन स्पर्धांत मात्र या एकट्याच्या लढतीचा निकाल संघाच्या खाती जमा होतो. व्यक्ती आणि संघ यांच्यातील या आगळ्या नात्यामुळे खिलाडूवृत्ती व संघभावना हे गुण येथे केवळ शोभेचे राहत नाहीत, तर खेळ सुरळीत चालण्यासाठी ते आवश्यक ठरतात. काही प्रसंगी हे दोन गुण परस्परांच्या आड येतात आणि त्या वेळी खेळाडूची खरी कसोटी लागते.

खेळाचे स्वरूप : क्रीडापट्टी १४ मी. लांब व १·५ ते २ मी. रुंद असते. फॉइल व सेबर या शस्त्रांचे कमाल वजन ५०० ग्रॅ., तर एपेचे ७७० ग्रॅ. असते. फॉइल व एपे यांची कमाल लांबी ११० सेंमी. आणि सेबरची १०५ सेंमी. असते. फॉइलमध्ये केवळ टोकाने धडावर केलेला वार ग्राह्य धरतात. एपेमध्ये टोकाने शरीराच्या कोणत्याही भागावर केलेला वार चालतो. सेबरमध्ये टोक व धार या दोहोंचा उपयोग करता येतो आणि कमरेवरील धड, डोके व बाहू हे लक्ष्य असते. एपेमध्ये दोघांचे वार एकाच वेळी लागल्यास दोघांनाही गुण मिळतो. फॉइल व सेबर यांत मात्र ‘आक्रमणाधिकारा’चा नियम लागू होतो : ज्याने आक्रमण प्रथम सुरू केले त्याचा वार ग्राह्य ठरतो, प्रतिस्पर्ध्याने ते आक्रमण अडविले, तर प्रतिवाराचा अधिकार त्याच्याकडे जातो. वार लागला किंवा नाही, हे विद्युत्‌यंत्र सांगते. परंतु अधिकार कोणाचा होता, हे पंचालाच आपल्या नजरेने ठरवावे लागते. निर्णयातील हा मानवी अंश हेच या खेळात खिलाडूवृत्तीला महत्त्व येण्याचे एक प्रमुख कारण होय.

इतिहास : विद्यार्थी आणि तलवार यांचा संबंध यूरोपात जुना आहे. जर्मन भाषिक देशांतील काही विद्यार्थी-संघटनांत ‘मेन्सूर’ नावाचा प्रकार आजही आढळतो. त्यात धारदार शस्त्रे घेतलेले दोन विद्यार्थी ठराविक अंतरावर उभे राहून एकमेकांवर वार करतात. डोळे, मान इ. नाजूक अवयवांना संरक्षण दिलेले असते. पण चेहरा व डोके बहुतांशी उघडे असते. यात जय-पराजय नसतो. मागे न हटणे व न डगमगणे एवढीच अपेक्षा असते. त्यामुळे मेन्सूर हा क्रीडाप्रकार न मानता धैर्यपरीक्षेचा विधी मानला जातो [→ द्वंद्वयुद्ध]. महाविद्यालयीन असिक्रीडेचा उगम यापेक्षा निराळा आहे. द्वंद्वयुद्धाच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या बोथट फॉइलचा खेळ फ्रेंच व इटालियन शस्त्रगुरूंनी विकसित केला आणि एकोणिसाव्या शतकात तो विद्यापीठांच्या व्यायामशाळांत रुजला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पूर्वेकडील जुन्या विद्यापीठांच्या पुढाकाराने १८९४ पासून आंतरमहाविद्यालयीन असिक्रीडा स्पर्धा सुरू झाल्या. त्या देशातील सर्वांत जुन्या संघटित महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांत त्यांची गणना होते. विद्यार्थिनींची स्वतंत्र आंतरमहाविद्यालयीन संघटना १९२९ मध्ये स्थापन झाली. नॅशनल कॉलेजिएट ॲथ्‌लेटिक असोसिएशन या संस्थेची पहिली असिक्रीडा अजिंक्यपद स्पर्धा १९४१ मध्ये झाली आणि ती नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने जिंकली. दुसऱ्या महायुद्धामुळे खंडित झालेली ही स्पर्धा १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाली. महिलांसाठी वेगळी अजिंक्यपद स्पर्धा १९८२ पासून होऊ लागली. १९९० मध्ये दोन्ही स्पर्धा एकत्र करून पुरुष व महिला यांच्या गुणांवर मिळून एकच सांघिक अजिंक्यपद देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. महिलांच्या गटात आरंभी केवळ फॉइल असे. १९९५ मध्ये एपे व २००० मध्ये सेबर यांचा त्यात समावेश झाला. जागतिक विद्यार्थी क्रीडामहोत्सवातही १९५९ च्या तूरिन येथील पहिल्या ‘युनिव्हर्सियाड’पासून असिक्रीडेला स्थान मिळाले.

सामन्याची रचना व संघभावना : अमेरिकन महाविद्यालयांच्या द्विपक्षीय सामन्यात प्रत्येक शस्त्रासाठी प्रत्येक संघातून तिघे खेळाडू उतरतात आणि प्रत्येकजण प्रतिपक्षाच्या तिघांशी एकेक लढत खेळतो. म्हणजे प्रत्येक शस्त्राच्या ९ व तिन्ही शस्त्रांच्या मिळून २७ लढती होतात. प्रत्येक लढत ५ वारांची असते आणि ज्या संघाच्या १४ लढती प्रथम होतात, तो विजयी ठरतो. या रचनेचा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. पाच-शून्य असा एकतर्फी विजय आणि पाच-चार असा निसटता विजय, या दोहोंचे मोल सारखेच, म्हणजे एक लढत, असते. त्यामुळे एखाद्या शस्त्रातील सर्वोत्कृष्ट खेळाडूने आपल्या तिन्ही लढती कितीही सहज जिंकल्या, तरी संघाला त्याच्याकडून तीनच लढती मिळतात. उरलेल्या लढती संघातील दुय्यम व तिय्यम खेळाडूंनाच जिंकाव्या लागतात. १४-१३ असा निकाल लागलेल्या सामन्यात तिसऱ्या क्रमांकाच्या नवख्या खेळाडूने मिळविलेली एकुलती एक लढत निर्णायक ठरू शकते. म्हणून कुशल खेळाडूने सरावात दुबळ्या सहकाऱ्याला वेळ देणे, ही केवळ उदारता नसून संघाची गरज असते.

आंतरराष्ट्रीय सांघिक सामन्याची रचना यापेक्षा वेगळी आहे. तेथे एकाच शस्त्राचे तिघे खेळाडू एका मागोमाग एक अशा ९ लढती खेळतात आणि गुणसंख्या एका लढतीतून पुढील लढतीत चालू राहते. पहिली लढत एका संघाचे ५ गुण होईपर्यंत, दुसरी १० होईपर्यंत, अशा रीतीने ४५ गुणांपर्यंत सामना चालतो. प्रत्येक लढतीला तीन मिनिटांची मर्यादा असते. पिछाडीवर असलेल्या संघाला शेवटचा खेळाडू एकट्याच्या पराक्रमाने वर काढू शकतो. महाविद्यालयीन पद्धतीत अशी भरपाई शक्य नसते. पहिल्या पद्धतीत सहकाऱ्याचे ओझे उचलण्याला, तर दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाने आपापला वाटा उचलण्याला महत्त्व येते.

अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत हेच तत्त्व आणखी स्पष्ट होते. पुरुष व महिला यांच्या प्रत्येकी तीन शस्त्रांत प्रत्येकी २४, असे एकूण १४४ खेळाडू पात्र ठरतात. एका विद्यापीठाला एका शस्त्रात दोन व एकूण १२ पर्यंतच खेळाडू पाठविता येतात. प्रत्येक खेळाडू आपल्या गटातील उरलेल्या २३ जणांशी साखळी पद्धतीने खेळतो आणि प्रत्येक विजयाबद्दल त्याच्या विद्यापीठाला एक गुण मिळतो. साखळीतील पहिले चार खेळाडू वैयक्तिक विजेतेपदासाठी १५ वारांच्या उपान्त्य व अंतिम लढती खेळतात. वैयक्तिक पदकाची आशा मावळलेल्या खेळाडूलाही उरलेल्या लढती मन लावून खेळाव्या लागतात. कारण विसाव्या स्थानावरील खेळाडूने मिळविलेला विजय आणि अग्रस्थानी असलेल्याने मिळविलेला विजय संघाच्या दृष्टीने समान असतो. थकलेला व निराश झालेला खेळाडू अशा वेळी केवळ सहकाऱ्यांसाठी पट्टीवर उभा राहतो.

संघभावनेची आणखी काही अंगे पट्टीबाहेर दिसतात. लढत चालू असताना शस्त्रातील विद्युत्‌जोडणी तुटल्यास बदली शस्त्र व तार तत्परतेने पुरविणे, लढतींमधील एका मिनिटाच्या विश्रांतीत प्रतिस्पर्ध्याच्या खेळातील बारकावे सांगणे, सरावाच्या वेळी एकमेकांचे पंच होणे व शस्त्रांची दुरुस्ती करणे, ही कामे बहुधा सहकारी खेळाडूच करतात. ज्या महाविद्यालयांत असिक्रीडेचा अधिकृत संघ नसून विद्यार्थ्यांनी चालविलेले मंडळ असते, तेथे साहित्याची जमवाजमव व प्रवासाची व्यवस्थाही विद्यार्थीच पाहतात. सामन्याचा निकाल लागल्यानंतर उरलेल्या लढतींत राखीव खेळाडूंना संधी देण्याचा प्रघात अनेक संघांत आहे.

शिष्टाचार व शिस्त : लढतीच्या आरंभी मुखत्राण काढून प्रतिस्पर्धी, पंच व प्रेक्षक यांना शस्त्राने सलामी देणे बंधनकारक असते. लढत संपल्यावरही सलामी दिल्याखेरीज पट्टी सोडता येत नाही. हा शिष्टाचार द्वंद्वयुद्धाच्या परंपरेतून आलेला असला, तरी त्याचा आजचा अर्थ वेगळा आहे : समोरचा मनुष्य शत्रू नसून त्याच्यावाचून आपला खेळ होऊच शकत नाही, याची ती जाहीर कबुली होय. नियमभंगाबद्दल पंच पत्रे दाखवितो. पिवळे पत्र म्हणजे ताकीद, तांबडे पत्र म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक गुण आणि काळे पत्र म्हणजे स्पर्धेतून हकालपट्टी असा त्यांचा अर्थ आहे. लढतीत प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरविणे किंवा पंचाचा निर्णय होण्यापूर्वीच मुखत्राण काढणे हेही दोष मानले जातात. पट्टीबाहेरून व्यत्यय आणणारे सहकारी, मार्गदर्शक व प्रेक्षक यांच्यावरही कारवाई होऊ शकते. आपल्या संघाला दिलेले उत्तेजन आणि प्रतिस्पर्ध्याचा वा पंचाचा अधिक्षेप यांतील सीमारेषा महाविद्यालयीन सामन्यांत विशेष जपावी लागते. कारण तेथे अनेक पट्ट्यांवर लढती एकाच वेळी चालू असतात व सहकाऱ्यांचा घोष अगदी जवळून होत असतो.

वाराची कबुली : विद्युत्‌यंत्रे येण्यापूर्वी वाराचा निर्णय एक मुख्य पंच व चार साहाय्यक पंच मिळून करीत. प्रत्येक खेळाडूवर लागणारे वार पाहण्यासाठी दोन साहाय्यक नेमलेले असत. साहाय्यकाला एक व मुख्य पंचाला दीड मत असे. पात्याची गती लक्षात घेता या नजरांतून काही वार सुटणे अपरिहार्य होते. त्यामुळे आपल्याला वार लागला असल्यास तो स्वतःहून मान्य करणे हे सभ्य खेळाडूचे लक्षण समजले जाई. याचे प्रसिद्ध उदाहरण १९३२ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमधील होय. महिलांच्या फॉइल स्पर्धेत ऑस्ट्रियाच्या एलेन प्राइसविरुद्धच्या निर्णायक लढतीत आपल्याला लागलेले दोन वार पंचांच्या लक्षात आले नाहीत, हे ब्रिटनच्या जूडी गिनेस हिने स्वतःच निदर्शनास आणले. सुवर्णपदक प्राइसला मिळाले आणि गिनेसला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

ऑलिंपिक स्पर्धांत एपेसाठी १९३६ मध्ये, फॉइलसाठी १९५६ मध्ये व सेबरसाठी १९९२ मध्ये विद्युत्‌यंत्र वापरात आले. त्यामुळे प्रामाणिकपणाची गरज संपली असे मात्र नाही. एपेचे टोक प्रतिस्पर्ध्याच्या पायाऐवजी जमिनीवर आपटले, तरी यंत्राचा दिवा लागू शकतो. धातूच्या पट्टीवर हा दोष टाळता येतो. पण व्यायामशाळेच्या साध्या लाकडी जमिनीवर खेळविल्या जाणाऱ्या सामन्यांत तो उद्‌भवतो. पंचाला शंका असते, सहकारी दिवा पाहून जल्लोष करीत असतात आणि आपले टोक कोठे लागले हे निश्चितपणे ठाऊक असलेली व्यक्ती एकच असते. अशा वेळी ‘वार जमिनीवर लागला’ असे सांगणाऱ्या खेळाडूला आपल्याबरोबर संघाच्याही गुणावर पाणी सोडावे लागते. वैयक्तिक स्पर्धेतील कबुलीपेक्षा ही कबुली अधिक अवघड असते, कारण तिची किंमत इतरांनाही मोजावी लागते. ज्या संघात मार्गदर्शक व सहकारी अशा खेळाडूला दोष देत नाहीत, तेथेच ही परंपरा टिकून राहते. खिलाडूवृत्ती हा व्यक्तीचा गुण मानला जात असला, तरी तिचे संवर्धन संघच करीत असतो, हे यावरून ध्यानात येते.

संघनिष्ठा व न्याय्य खेळ : संघनिष्ठेचा अतिरेक न्याय्य खेळाला बाधक ठरू शकतो, याची दखल नियमांनीही घेतली आहे. साखळी गटात एकाच संघाचे दोन खेळाडू आल्यास त्यांची परस्परांतील लढत आरंभीच घेतली जाते. पुढे इतर निकाल कळल्यावर त्यांपैकी ज्याला विजयाची अधिक गरज असेल, त्याच्यासाठी दुसऱ्याने जाणूनबुजून हरू नये, हा त्यामागील हेतू असतो. महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धेत अशा लढतीतून विद्यापीठाला कोणत्याही परिस्थितीत एकच गुण मिळावयाचा असतो. तथापि तिच्या निकालावर तिसऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या खेळाडूचे पहिल्या चारांतील स्थान अवलंबून असू शकते. मित्राविरुद्ध पूर्ण ताकदीने खेळणे हे येथे स्पर्धेतील उरलेल्या सर्वांप्रती असलेले कर्तव्य ठरते. नियम लढतींचा क्रम ठरवू शकतो. ती लढत मनापासून खेळणे मात्र खेळाडूंच्या सचोटीवर अवलंबून राहते.

शिष्टाचाराची सक्ती कितपत करावी, हा प्रश्नही अलीकडे पुढे आला. २७ जुलै २०२३ रोजी मिलान येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत युक्रेनच्या ओल्हा खारलान हिने तटस्थ खेळाडू म्हणून उतरलेल्या रशियाच्या आन्ना स्मिर्नोव्हा हिचा १५-७ असा पराभव केला. लढतीनंतर हस्तांदोलन न करता तिने आपले शस्त्र पुढे धरले. हस्तांदोलन त्या वेळी नियमाने बंधनकारक असल्याने तिला काळे पत्र देण्यात आले. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणाच्या पार्श्वभूमीवर या निर्णयावर जगभर टीका झाली. त्यानंतर काही दिवसांतच आंतरराष्ट्रीय असिक्रीडा महासंघाने हस्तांदोलन ऐच्छिक केले आणि त्याऐवजी अंतरावरून शस्त्राने सलामी देण्याची मुभा दिली. म्हणजे आदर व्यक्त करण्याचे बंधन कायम राहिले. तो स्पर्शाने व्यक्त करण्याची सक्ती तेवढी गेली. खिलाडूवृत्तीचे बाह्य रूप नियमाने घडविता येते. परंतु मनातील भाव नियमाने उत्पन्न करता येत नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

महाविद्यालयीन स्पर्धांतील प्रतिस्पर्धी पुढे सहकारी होतात, याचे उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाहावयास मिळाले. महिलांच्या वैयक्तिक फॉइल स्पर्धेत अमेरिकेच्या ली कीफर हिने आपल्याच देशाच्या लॉरेन स्क्रग्ज हिला अंतिम लढतीत १५-६ असे हरविले. त्यानंतर काही दिवसांतच या दोघींसह जॅक्लिन डुब्रोव्हिच व माया वाइनट्राउब यांच्या संघाने इटलीला ४५-३९ असे नमवून सांघिक सुवर्णपदक मिळविले. असिक्रीडेत अमेरिकेला मिळालेले हे पहिले सांघिक सुवर्णपदक होते. नोत्रदाम, हार्व्हर्ड, कोलंबिया व प्रिन्स्टन अशा चार वेगवेगळ्या विद्यापीठांच्या संघांतून या चौघी घडल्या होत्या.

भारतातील स्थिती : शस्त्राला मान देण्याची प्रथा भारतालाही नवी नाही. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रपूजन होते आणि कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत तलवार व दांडपट्टा यांचे शिक्षण आजही दिले जाते. आधुनिक असिक्रीडा मात्र यूरोपीय परंपरेतून आलेली असून भारतीय असिक्रीडा संघटनेची स्थापना १९७४ मध्ये झाली. भारतीय विद्यापीठ संघाच्या वतीने आंतरविद्यापीठीय असिक्रीडा स्पर्धा घेतल्या जातात. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झालेल्या पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडास्पर्धांत या खेळाचा अंतर्भाव होता. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे या खेळाचे एक महत्त्वाचे केंद्र असून तेथील भारतीय खेळ प्राधिकरणाच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण मिळते. चेन्नईच्या भवानी देवी हिने टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) सेबर प्रकारात भाग घेतला. ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय असिक्रीडापटू होय. पहिली लढत १५-३ अशी जिंकल्यावर दुसऱ्या लढतीत ती फ्रान्सच्या मानाँ ब्रुनेकडून पराभूत झाली. २०२३ मध्ये वूशी (चीन) येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले. तिच्या यशामुळे या खेळाविषयीचे कुतूहल देशभर वाढले. आपल्याकडे हा खेळ शाळा-महाविद्यालयांतूनच प्रामुख्याने प्रसार पावत असल्याने पंचांचा मान, वाराची कबुली व सहकाऱ्याला साहाय्य या परंपरा विद्यार्थिदशेतच अंगी बाणणे महत्त्वाचे ठरते.